कांदा माहेरचा, पिशवी सासरची

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, लासलगावच्या जवळचं. सासर काशीचं, म्हणजे नेमकं सांगायचं तर गंगेच्या पलीकडच्या काठावर, रामनगरचं. सासरची मंडळी मूळची कोकणातली. काही पिढ्यांपूर्वी ब्रह्माघाटावर येऊन राहिली ती राहिलीच. तिथलं घर वाटण्यांमध्ये अपुरं पडायला लागलं तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, किल्ल्यापासून चालत जाता येईल अशी जागा इथे घेतली. घरखर्चाची वही माझ्याकडे आहे. बी.ए.ला माझं अर्थशास्त्र होतं, म्हणून नवी सून असताना ती मोठ्या विश्वासाने माझ्या हाती दिली गेली. त्या पदवीचा उपयोग व्हायचा अजून बाकी आहे.

'देशाचं आर्थिक धोरण' हे शब्द मी अग्रलेखात वाचायचे आणि पुढच्या पानावर जायचे. ते आपल्या वहीतही असतात, फक्त तिथे त्यांची नावं भाजी, तेल, अप्पांचं व्याज, पोराचा हप्ता अशी असतात, हे हळूहळू उमगलं. त्यातलं थोडं इथे लिहिते. क्रमांक दिलेत ते मला सोपं जावं म्हणून.

१. स्वस्ताई येते कुठून, हे मला अर्धा संसार झाल्यावर कळलं. माझ्या बाबतीत ती दादाच्या शेतातून येते. २०२३च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं, लासलगावचे लिलाव बंद पडले, ती बातमी मी चहाबरोबर वाचली आणि चहाबरोबरच विसरले. मग ८ डिसेंबरपासून निर्यात सरळ बंदच झाली. चौकातला भाजीवाला 'नासिकवाला है भाभी, उतर गया' म्हणायला लागला आणि मी दोन किलोच्या जागी चार किलो घेतले. महिनाअखेरीस दादाचा फोन आला. काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आला होता. 'मग ट्रॉली परत का नाही आणलीस?' मी विचारलं. कांदेवाल्याच्या मुलीने विचारू नये असा हा प्रश्न. डिसेंबरातला कांदा लाल असतो, तो चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांदा असता तर साठवून भावाची वाट बघता आली असती. लाल कांदा मात्र मिळेल त्या भावाने द्यायचा, नाहीतर बांधावर टाकायचा. दादा चिडला नाही. 'तुमच्याकडं तरी स्वस्त झाला ना?' एवढंच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, खरीखुरी चौकशी होती, आणि म्हणूनच मला उत्तर सुचेना.

बंदी ४ मे २०२४ला उठली, तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ला संपलं. तोवर उन्हाळ कांद्याची आवक वाढून भाव आपोआपच खाली बसले होते. मधेच, २०२४च्या ऑक्टोबरात, शहरात कांदा महाग झाला म्हणून लासलगावहून १,६०० टन कांदा घेऊन एक अख्खी मालगाडी दिल्लीला धाडली गेली. तिला नाव दिलं होतं 'कांदा एक्स्प्रेस'. दादाने मला तिचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'आपल्याला कधी कुणी एक्स्प्रेसनं नेलं नाही.'

खाणारे पुष्कळ आणि पिकवणारे थोडे, त्यामुळे निर्णय कुणाकडे झुकणार हे सांगायला पदवी लागत नाही. माझी अडचण एवढीच, की मी दोन्ही याद्यांत आहे.

२. दोन्ही बाजू सांभाळायचा प्रयत्न कुणी केलाच नाही, असंही नाही. लालबहादूर शास्त्रींचं वडिलोपार्जित घर इथे रामनगरलाच आहे. २०१८पासून त्याचं संग्रहालय झालंय आणि आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना किल्ल्यानंतर तिथे न्यायचं हे ठरलेलं. नावेला पैसे नसत म्हणून शास्त्रीजी गंगा पोहून शाळेत जात, ही गोष्ट इथली पोरं चालायला लागायच्या आधी ऐकतात. मला मात्र त्या घरात उभं राहिलं की १९६५चा जानेवारी आठवतो. त्या महिन्यात त्यांच्या सरकारने अन्न महामंडळ उभं केलं आणि त्याच महिन्यात कृषी मूल्य आयोगही नेमला. आयोगाने शेतकऱ्याला काय भाव मिळावा ते सुचवायचं, महामंडळाने धान्य विकत घेऊन खाणाऱ्याला परवडेल अशा दराने पुढे पोचवायचं, आणि दोन्हींतला फरक सरकारने सोसायचा. तो फरक आता वर्षाला दोन लाख कोटी रुपयांच्या घरात गेलाय. अर्थसंकल्पात त्याला अन्न अनुदान म्हणतात.

अप्पा त्या वर्षी नुकते नोकरीला लागले होते. धान्याची टंचाई होती आणि सोमवारी रात्रीचं जेवण सोडा, असं आवाहन शास्त्रीजींनी केलं होतं. ब्रह्माघाटावरच्या घरात ते निष्ठेने पाळलं गेलं. अप्पा सांगतात, 'देशासाठी उपाशी राहिल्याचा अभिमान आम्हा पुरुषांना. आईला आनंद एकाच गोष्टीचा, आठवड्यातून एक रात्र चुलीला सुट्टी.'

आमच्याकडे भांडी घासायला जी येते, तिला माणशी पाच किलो धान्य कोटेदाराकडून, म्हणजे रेशनच्या दुकानातून मिळतं. २०२३च्या जानेवारीपासून ते पूर्ण फुकट आहे. गहू-तांदळाचे पैसे वाचतात ते कुठे जातात, असं मी तिला विचारलं होतं. 'तेल में, भाभी,' ती म्हणाली, विचार करायला क्षणभरही न घेता. आणि भाव सुचवणाऱ्या त्या आयोगाचं म्हणाल, तर हमीभावाच्या यादीत २२ पिकं आहेत, त्यांत कांदा नाही. दादाला मी हे सांगायला गेले तर तो म्हणाला, ते मला माहीत असायला पदवी लागत नाही.

३. तेलाचं भांडीवालीने काढलंच म्हणून सांगते. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल परदेशातून येतं, हे वाचून माहीत होतं, पण चकलीचा आणि आयात शुल्काचा संबंध २०२४च्या दिवाळीत जुळला. १४ सप्टेंबरपासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं, शुद्ध केलेल्या तेलावरचं पावणेचौदावरून पावणेछत्तीसवर. फराळ तोंडावर आलेला. रिफाइंडचा डबा घेताना माझा जीव वरखाली झाला आणि त्या भरात मी वहिनीला फोन केला. वहिनीचं माहेर लातूरकडचं, तिच्या भावांचं सोयाबीन. ती म्हणाली, 'अहो ताई, आमच्यासाठीच वाढवलंय ते. जरा सोसा की.' मी सोसायचं ठरवलं. चकल्या थोड्या कमी केल्या आणि आपण लातूरला हातभार लावतोय असं समाधान मानलं.

पण सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजारात भाव त्याच्या खालीच रेंगाळत राहिला. म्हणजे माझ्या खिशातून गेलेले पैसे वहिनीच्या भावांपर्यंत पोचले नाहीत. थोडे तिजोरीत गेले, थोडे परदेशात गेले कारण तिकडे पामतेल तेव्हाच महागलं होतं, थोडे मधल्यामध्ये. शेजारणी तर कडू तेलावर स्वयंपाक करतात, मोहरीच्या. ते इथलंच, त्याच्यावर कुठलं आयात शुल्क? तरी तेही चढलं. २०२५च्या मे महिन्याच्या अखेरीस कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा कमी झालं, तेव्हा मी वहिनीला फोन केला नाही.

४. तांदळाचं थोडक्यात. २० जुलै २०२३ला बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. आमच्या शेजारचा चंदौली जिल्हा म्हणजे इकडचा 'धान का कटोरा'. तिथल्या भातवाल्यांची तोंडं पडली. त्याच आठवड्यात न्यू जर्सीतल्या भाचीने फोटो पाठवला. इंडियन स्टोअरमध्ये सोना मसुरीसाठी रांग, आणि तिच्या गाडीत वर्षभराची बेगमी. बंदी २८ सप्टेंबर २०२४ला उठली. भाचीचा तांदूळ संपला की नाही, विचारायला हवं.

५. कर्ज फेडणारा आणि व्याजावर जगणारा एकाच घरात असले की रिझर्व्ह बँकेच्या बातमीवर बोलायची चोरी होते. अप्पांनी जन्मभर एका छापखान्यात हिशेब लिहिले. पेन्शन नाही. जे साठलं ते ज्येष्ठ नागरिक योजनेत आणि बँकेच्या ठेवींत. मुलगा पुण्याला, मोशीत फ्लॅट घेतलेला, कर्ज रेपो दराला बांधलेलं. २०२२च्या मेपासून २०२३च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. प्रत्येक वाढीला पोराचा आवाज बारीक होत गेला आणि अप्पांची चाल सुधारत गेली. ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर ८.२ टक्के झाला, शिवाय ठेवायची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख केली गेली. 'ते वरचे पंधरा कुठून आणायचे हेही सांगितलं असतं तर बरं झालं असतं,' असं अप्पा म्हणाले, पण खुशीत होते. २०२५मध्ये वारं फिरलं. फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत दर उतरत सव्वापाचवर आला. व्हिडिओ कॉलवर पोरगा ओरडला, 'अप्पा, रेट कट!' अप्पांची बँकेतली एक ठेव त्याच आठवड्यात मुदत संपून नव्या, उतरलेल्या दराने पुन्हा लागली होती. 'हो बाबा, कळलं. तुझं अभिनंदन,' ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लांब रात्र मात्र २०२१च्या ३१ मार्चची. संध्याकाळी बातमी आली की उद्यापासून अल्पबचतीचे सगळे दर खाली. ज्येष्ठ नागरिक योजना ७.४वरून ६.५, पीपीएफ ७.१वरून ६.४. अप्पा पेन्सिल घेऊन बसले. तिमाहीला किती कमी पडतील त्याचा आकडा काढला, मग दोनपैकी एक वर्तमानपत्र बंद, औषधांतलं शक्तिवर्धक बंद अशी कलमं लिहिली. सकाळी अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की आदेश नजरचुकीने निघाला, तो मागे घेतला आहे. त्या दिवशी बंगालमध्ये मतदान होतं, हा आपला योगायोग. अप्पांनी कागद फाडला नाही, वहीतच ठेवायला दिला. 'पुन्हा लागेल,' म्हणाले.

पीपीएफला बारा टक्के मिळायचे त्या दिवसांबद्दल ते अजून बोलतात. १९८६पासून २०००च्या सुरुवातीपर्यंत मिळत होते हे खरं. पण १९९१च्या सुमारास महागाईच तेरा टक्क्यांच्या पुढे होती, म्हणजे ते बारा फार काही बारा नव्हते. हे गणित मी एकदा करून बघितलं. अप्पांना दाखवलं नाही. काही आठवणींना व्याज लावू नये.

६. हप्ता वाढला नाही म्हणून निश्चिंत राहायचं नसतं, हे मला पोराच्या कर्जाने शिकवलं. दर चढत असताना तो सांगायचा, 'आई, हप्ता तोच आहे.' मला बरं वाटायचं. मग एक दिवस मी वही काढून उदाहरण मांडलं. ३० लाखांचं कर्ज, ७ टक्के, २० वर्षं. हप्ता येतो साधारण २३,२६० रुपये. आता तेच कर्ज साडेनऊ टक्क्यांना गेलं तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच होतं २३,७५०. म्हणजे जुना हप्ता भरत राहिलं तर मुद्दल फिटायचं सोडाच, व्याजसुद्धा पुरं होत नाही. बँका मग मुदत लांबवत नेतात, आणि तरुण माणूस निवृत्तीनंतरच्या तारखेपर्यंत कर्जदार होतो. हे इतकं सर्रास झालं की २०२३च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, ग्राहकाला विचारा, हप्ता वाढवायचा की मुदत, की थोडं मुद्दल आधी भरायचं. पोराने हप्ता वाढवून घेतला. त्या महिन्यापासून बाहेरचं जेवण बंद, असं सांगतो. सून वेगळं सांगते.

कर्जाची गोष्ट निघाली की अप्पा पुन्हा शास्त्रीजींवर येतात. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी फियाट घ्यायची ठरवली, किंमत १२,०००. खात्यात होते ७,०००, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून ५,०००चं कर्ज काढलं. ते फिटायच्या आधीच १९६६च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचं निधन झालं, आणि उरलेलं ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. अप्पांना यातून नातवाला धीर द्यायचा असतो. नातू विचारतो, 'म्हणजे मी मेल्यावर तिने फेडायचं का?'

७. वहीतल्या जमेच्या बाजूचा कांद्याशी संबंध असेल, हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. यजमान शालूंचा व्यापार करतात. गद्दी-बिद्दी नाही. ओळखीच्या गिरस्त्यांकडून, म्हणजे विणकरांकडून काम करवून घेणाऱ्यांकडून, माल घ्यायचा आणि महाराष्ट्रातल्या दुकानांना पाठवायचा. आपल्याकडच्या लग्नात नवरीच्या अंगावर बनारसी शालू असतोच, त्यावर आमचं घर चालतं. २०२४च्या लग्नसराईत नाशिककडच्या एका दुकानदाराचा फोन आला, हातमागाचे नकोत, पॉवरलूमचे पाठवा, तेही निम्मे. यांना वाटलं नक्षीत काही चुकलं, रंग आवडले नसतील. दुकानदार म्हणाला, 'माल झकास आहे हो. कांद्याला भाव नाही. लग्नं होतायत, पण शालू कुणी हातात घेऊन बघत नाही.'

मी वही उघडली. डिसेंबर ते मार्च, भाजीत वाचलेले पैसे एका बाजूला. रद्द झालेल्या मालावरची यांची अडत दुसऱ्या बाजूला. जे वाचले ते शेकड्यांत, गेले ते हजारांत. मी तो हिशेब पेन्सिलीने केला होता, म्हणून खोडता आला. पण गिरस्त्याने ज्या विणकराचा माग तेवढे आठवडे थांबवला, त्याला पुसायला काहीच नव्हतं. एक हातमागाचा शालू विणायला आठवडेच्या आठवडे जातात, ते काम गेलं की मधल्या काळात दुसरं हाताला लागत नाही. निफाडच्या शिवारात बसलेला फटका बनारसच्या मागापर्यंत आला, आणि वाटेत माझ्या स्वयंपाकघरातून स्वस्त कांदा होऊन गेला.

रेशमाचीही तीच तऱ्हा. २०२१च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचं आणि रेशमी सुतावरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून १५ टक्के केलं. विणकर कुरकुरले, कारण इथे चिनी रेशीम पुष्कळ वापरलं जातं. मीही त्यांच्या बाजूने कुरकुरले. मग कळलं, ते शुल्क देशातल्या रेशीम शेतकऱ्यांसाठी होतं, आणि रेशमाच्या कोशांचा आशियातला सर्वांत मोठा बाजार कर्नाटकात आहे, गावाचं नाव रामनगर. तिथेही माझ्यासारखी कुणी तरी असेल, जिचा दादा तुतीची लागवड करतो आणि जिला लेकीच्या लग्नात बनारसी शालू हवा आहे.

८. कर लावणाऱ्यापेक्षा तो चुकवायची वाट शोधणारा जास्त हुशार असतो. १८ जुलै २०२२पासून पाकीटबंद पीठ, तांदूळ, डाळ, दही, लस्सी यांवर ५ टक्के जीएसटी लागला, पण २५ किलोपर्यंतच्याच पिशवीवर. थोड्याच दिवसांत आमच्या वाण्याकडे तांदळाच्या २६ किलोच्या गोण्या दिसायला लागल्या. तो वरचा एक किलो कुणाला हवा होता? कुणालाच नाही. रामनगरची लस्सी मातीच्या पुरव्यात मिळते, तिच्या मालकाने या बातमीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

साडीवरचा कर २०२२च्या १ जानेवारीपासून ५चा १२ टक्के होणार होता. आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, जीएसटी परिषदेने तो पुढे ढकलला. मधले दीड महिने यांनी नवी ऑर्डर घ्यावी की नाही या विचारात काढले. निर्णय बदलला याचा आनंद झालाच, पण त्या दीड महिन्याची भरपाई कुठल्या परिषदेकडे मागायची ते समजलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ला, रामनगरची रामलीला चालू असताना, दर पुन्हा बदलले. मुख्य टप्पे दोनच, ५ आणि १८. आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला. वहीत ठळक दिसावा असा हा एकच फरक. बाकी साबण-पेस्टचं वाचलेलं कुठे जिरलं, मला सापडलं नाही.

९. सिलिंडरबद्दल फार लिहीत नाही. २०१५मध्ये अनुदान सोडा असं आवाहन झालं, तेव्हा यांनी मोठ्या अभिमानाने सोडलं आणि आभाराचा मेसेज नातेवाइकांना दाखवला. २०२०च्या मध्यापासून बहुतेकांचं अनुदान न सोडताच गेलं. पाच वर्षं आधी सोडलं, एवढाच आमचा त्याग. २०२३मध्ये दिल्लीत सिलिंडर ११०० रुपयांवर होता, ऑगस्टअखेर २०० कमी झाले, पुढच्या महिला दिनाला आणखी १००. उज्ज्वला योजना २०१६च्या मेमध्ये बलियाला सुरू झाली. आमच्या भांडीवालीकडे तो सिलिंडर आहे, त्यावर वेगळे ३०० रुपये खात्यात येतात. तरी थंडीत ती गोहरीवरच, म्हणजे गोवऱ्यांवरच, स्वयंपाक करते. सिलिंडर पावसाळ्यासाठी आणि जावयासाठी.

१०. मोठ्या योजनांतली कुठली घरात शिरेल आणि कुठली दारावरून जाईल, याचा अंदाज माझा दर वेळी हुकतो. २०१८च्या नोव्हेंबरात रामनगरला गंगेवरचं माल टर्मिनल सुरू झालं. कोलकात्याहून कंटेनर घेऊन जहाज आलं, आम्ही सगळे बघायला गेलो. आता आपलं गाव बंदर होणार, भाड्याने द्यायला वरचा मजला बांधू, असं हे म्हणाले. वहीत त्या टर्मिनलची आजवर एकही नोंद नाही. त्याच्या आदल्या वर्षी सामनेघाटचा पक्का पूल झाला, त्याचं कौतुक आम्ही फारसं केलं नव्हतं. आधी पिंपांवर तरंगणारा पीपा पूल होता, पावसाळा आला की तो काढायचे, मग नाव, नाहीतर राजघाटाच्या पुलावरून वळसा. पक्का पूल झाला आणि अप्पांना बीएचयूच्या दवाखान्यात नेणं सोपं झालं, यांच्या मालाची वाहतूक स्वस्त झाली, आणि आसपासच्या जागांचे भाव इतके चढले की वरचा मजला बांधायचे पैसे असते तर खरंच भाडं आलं असतं. मग नगरपालिका वाराणसी महापालिकेत विलीन झाली आणि घरपट्टीची चर्चा सुरू झाली. पूल फुकट थोडाच असतो.

११. अर्थसंकल्पाच्या दिवशी प्रत्येक जण 'मला काय मिळालं' एवढंच ऐकत असतो, मीसुद्धा. २०२५ला बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत कर नाही असं जाहीर झालं, पोराने फोनवर शिट्टी वाजवली. नव्या पद्धतीत पीपीएफची, राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट मिळत नाही. अप्पांनी ते ऐकून विचारलं, 'मग हा बचत कशासाठी करणार?' पोरगा म्हणाला, 'अप्पा, हातात पैसे राहतील ना.' दोघंही बरोबर बोलत होते, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं. आमच्या पिढीने कराच्या धाकाने का होईना, मार्चमध्ये धावतपळत बचत केली. पुढची कशाच्या धाकाने करेल, मला दिसत नाही.

त्या रात्री मी सगळ्यांना, पोराला फोनवर धरून, एकेक करून विचारलं. कांदा स्वस्त हवा की महाग? व्याज चढावं की उतरावं? तेलावर शुल्क असावं की नसावं? रेशमावर? अप्पांना व्याज चढं हवं आणि नातवाचा हप्ता कमी हवा. यांना कांदा स्वस्त हवा आणि नाशिकचं गिऱ्हाईक श्रीमंत हवं. मला तर काय, सगळंच हवं. तुमच्या घरी एकदा विचारून बघा. फक्त जेवणं उरकल्यावर विचारा. आमच्याकडे आधी विचारलं होतं, आमटी दोनदा गरम करावी लागली.